कुठवर भागून पाहावे?

भोसरीहून मोशीमार्गे चाकणकडे जाताना नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोठमोठ्या वाहन-कारखान्यांच्या पाट्या दिसतात. या पट्ट्याची उभारणी मात्र एका दिवसात झालेली नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथील माळरानांवर गाळे उभे राहू लागले. २००९ च्या सुमारास परदेशी मोटार कंपन्यांनी चाकणला कारखाने काढले आणि इंद्रायणीपलीकडची गावेही या व्यवहारात सामील झाली. मोठ्या कारखान्याच्या पाटीमागे शेकडो लहान गाळ्यांचे श्रम असतात. कोणी पोलाद पुरवतो, कोणी बेअरिंग आणि हत्यारे विकतो, कोणी एखाद-दुसऱ्या मशीनवर गिअर कापून देतो. समाजातील ज्या कुटुंबांची एक पिढी दुकानात गेली आणि दुसरी मशीनकडे वळली, त्यांना हे चित्र सांगायला नको.

अशा गाळ्यात येणाऱ्या मागणीपत्रावर गिअरच्या दात्यांची संख्या लिहिलेली असते. ४० दाते, ४८ दाते, ६० दाते असे आकडे पाहून कारागीर लगेच होकार देतो. ५३ किंवा ५९ हा आकडा दिसला की तो क्षणभर थांबतो. ४८ आणि ६० यांच्या मधलाच आकडा असूनही ५३ जड का जातो, या साध्या प्रश्नाच्या मुळाशी अंकगणितातील एक अत्यंत जुनी कल्पना आहे. तिचे नाव मूळ संख्या.

जी संख्या १ पेक्षा मोठी आहे आणि जिला १ व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या, ही व्याख्या शाळेत सर्वांनी पाठ केलेली असते. २, ३, ५, ७, ११, १३ अशी तिची ओळ सुरू होते. उरलेल्या संख्या संयुक्त. त्या लहान संख्यांच्या गुणाकाराने बनतात. १ ही संख्या दोहोंतही मोडत नाही. ही व्याख्या परीक्षेपुरती आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा मिलिंग मशीनवरचे डिव्हायडिंग हेड जवळून पाहावे.

या उपकरणात एक हँडल असते. हँडलचे ४० फेरे झाले की जॉबचा एक फेरा पूर्ण होतो. ४० दाते कापायचे असतील तर प्रत्येक दात्यानंतर हँडल एक पूर्ण फेरा फिरवायचे, २० दाते असतील तर दोन फेरे. ६० दाते हवे असतील तर प्रत्येक वेळी दोन-तृतीयांश फेरा लागतो. फेऱ्याचा असा अंश मोजण्यासाठी हँडलच्या मागे भोकांची प्लेट बसवलेली असते. १५ भोकांच्या वर्तुळावर १० भोके पुढे गेले की दोन-तृतीयांश फेरा अचूक होतो. ४८ दात्यांसाठी पाच-षष्ठांश फेरा हवा. तो १८ भोकांच्या वर्तुळावर १५ भोके मोजून मिळतो.

ब्राऊन अँड शार्प पद्धतीच्या तीन प्लेटांवर मिळून १५ पासून ४९ पर्यंतच्या निवडक संख्यांची वर्तुळे असतात. पहिल्या प्लेटवर १५, १६, १७, १८, १९, २०. दुसरीवर २१, २३, २७, २९, ३१, ३३. तिसरीवर ३७, ३९, ४१, ४३, ४७, ४९. या यादीकडे नीट पाहिले तर ती बनवणाऱ्यांचा विचार लक्षात येतो. १७ ते ४७ मधील एकही मूळ संख्या त्यांनी सोडलेली नाही. संयुक्त संख्येची भरपाई दुसऱ्या वर्तुळावरून करता येते. मूळ संख्येला स्वतःचे किंवा तिच्या पटीचे वर्तुळच लागते. ५१ दात्यांचे उदाहरण बोलके आहे. ५१ भोकांचे वर्तुळ कोणत्याच प्लेटवर नाही. पण ५१ म्हणजे ३ गुणिले १७. म्हणून १७ च्या वर्तुळावरची २ भोके आणि त्याच प्लेटवरील १५ च्या वर्तुळावरची १० भोके यांची बेरीज केली की हवा तो फेरा, म्हणजे ४० भागिले ५१, तंतोतंत मिळतो. ५३ बाबत असा कोणताही मार्ग नाही. ५३ ला आतून कोठेही फट नाही. प्लेटवरील कोणत्याही वर्तुळाला ५३ ने भाग जात नाही, त्यामुळे दोन वर्तुळे जोडूनही नेमका अंश हाती येत नाही. तेथे वेगळी चेंज गिअरची जोडणी करून डिफरन्शियल पद्धतीने काम करावे लागते. त्यात वेळ जातो, आणि वेळ गेला की दर बदलतो. जवळचा अंश घेऊन काम उरकले, तर चूक दात्यागणिक साठत जाते आणि शेवटचा दाता जाड किंवा बारीक निघतो. मग ब्लँकचे पोलाद थेट भंगारात जाते.

तेव्हा ‘ही संख्या मूळ आहे का?’ हा प्रश्न कोटेशन देण्यापूर्वीच विचारायचा असतो.

असे असूनही गिअरची रचना करणारे अभियंते पुष्कळदा मुद्दाम मूळ संख्या निवडतात. वाहनांच्या मागच्या आसातील क्राउन आणि पिनियन यांच्या खोक्यांवर ३७ आणि ९, ४१ आणि १० अशा जोड्या आढळतात. सुटे भाग विकणाऱ्यांना त्या तोंडपाठ असतात. त्यांमागील कारण झिजेचे आहे. २० दात्यांचा लहान गिअर ४० दात्यांच्या मोठ्या गिअरबरोबर फिरत असेल, तर लहान गिअरचा प्रत्येक दाता आयुष्यभर समोरच्या त्याच दोन दात्यांना भेटत राहतो. एका दात्यावर खडबडीतपणा असेल तर तो त्याच दोघांना कुरतडतो. लहान गिअरला २३ दाते दिले, तर २३ आणि ४० यांच्यात १ शिवाय समान विभाजक उरत नाही. आता प्रत्येक दाता समोरच्या चाळीसही दात्यांना पाळीपाळीने भेटतो. एकदा भेटलेली जोडी पुन्हा भेटायला ९२० दाते सरकावे लागतात. झीज सर्वांत सारखी वाटली जाते आणि गिअर अधिक काळ टिकतात.

हा ९२० चा आकडा म्हणजे २३ आणि ४० यांचा लघुतम साधारण विभाज्य, शाळेतला लसावि. भारतीय गणितज्ञांत लसावि स्पष्टपणे मांडण्याचा पहिला मान महावीराचार्यांकडे जातो. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. अपूर्णांकांची बेरीज सोपी व्हावी म्हणून महावीराचार्यांनी लसावि काढण्याची रीत दिली आणि त्याला ‘निरुद्ध’ हे नाव दिले. मान्यखेटच्या विद्वानाचा निरुद्ध आणि चाकणच्या गिअरची झीज यांत साडेअकराशे वर्षांचे अंतर आहे, पण हिशेब एकच आहे.

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ओळखण्याची सर्वांत सरळ रीत म्हणजे भागून पाहणे. २ ने भागावे, ३ ने भागावे, पुढे जात राहावे. कोठेही बाकी शून्य आली तर संख्या संयुक्त. शेवटपर्यंत बाकी उरतच राहिली तर मूळ. संगणकाला ही रीत शिकवणे हा प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा ठरलेला पहिला-दुसरा धडा असतो. प्रोग्रॅम दहा ओळींत मावतो, आणि आजकाल तो मोबाइलला विचारला तरी क्षणात लिहून मिळतो. परंतु या दहा ओळींत एक ओळ अशी आहे की जिच्यावर सगळे अवलंबून असते. ती ओळ भागाकार कुठे थांबवायचा हे सांगते.

समजा, गिअर कापणाऱ्या एखाद्या कुटुंबातील अभियांत्रिकीच्या वर्गात शिकणारी मुलगी असा प्रोग्रॅम लिहिते आणि कौतुकाने आजोबांना दाखवते. आजोबांनी चाळीस वर्षे दुकानाच्या वह्या लिहिलेल्या. ते १२७ हा आकडा सांगतात. पडद्यावर तत्काळ ‘मूळ’ असे उत्तर येते.

“किती वेळा भागलं यानं?” आजोबा विचारतात.

“दोनपासून अकरापर्यंतच, आजोबा.”

“अकरापर्यंतच का? बारानं, तेरानं, पन्नासनं भाग जात नाही कशावरून?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. व्यवहारात मुरलेला माणूस असाच प्रश्न विचारतो. सव्वीस-सत्तावीस जणांची उधारी तपासायची असताना दहा जणांची तपासून कोणी ‘सगळे हिशेब चोख’ म्हटले, तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? प्रोग्रॅमचे उत्तर बरोबर आहे, हे खरे. पण ते का बरोबर आहे हे मुलीला सांगता आले नाही, तर उत्तर संगणकाचे राहते, तिचे होत नाही.

याचे कारण गोदामातील खोक्यांवरून समजते. १२० खोकी जमिनीवर पूर्ण आयतात मांडायची असतील, तर १० ओळींत १२, ८ ओळींत १५, ६ ओळींत २०, ५ ओळींत २४ अशा अनेक मांडण्या होतात. प्रत्येक मांडणीत एक बाजू आखूड आणि एक लांब असते. आखूड बाजू कितीही ताणली तरी किती वाढेल? दोन्ही बाजू समान होईपर्यंत, म्हणजे चौरस होईपर्यंत. त्यापलीकडे गेली तर तीच लांब बाजू ठरेल. म्हणून कोणत्याही आयताची आखूड बाजू खोक्यांच्या संख्येच्या वर्गमूळापेक्षा मोठी असू शकत नाही. आता १२७ खोकी घेतली. ११ चा वर्ग १२१ आणि १२ चा वर्ग १४४. तेव्हा १२७ चा एखादा आयत होत असेलच, तर त्याची आखूड बाजू ११ किंवा त्याहून लहान असली पाहिजे. २ ने भागता बाकी १, ३ ने १, ५ ने २, ७ ने १, ११ ने ६. ४, ६, ८, ९ आणि १० यांनी भागण्याची गरज नाही, कारण त्यांनी भाग गेला असता तर २, ३ किंवा ५ ने आधीच गेला असता. आखूड बाजू सापडत नाही, म्हणजे आयतच नाही. आयत नाही, म्हणजे बारा, तेरा, पन्नास यांची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. पाच भागाकारांत निकाल लागतो आणि त्यात शंकेला जागा राहत नाही.

१२७ हा आकडा येथे सहज आलेला नाही. जुन्या, इंचांच्या लीड स्क्रूच्या लेथवर मिलिमीटरचे आटे अचूक कापायचे असतील, तर १२७ दात्यांचा चेंज गिअर लागतो. १ इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, म्हणजेच १२७ भागिले ५. १२७ मूळ असल्यामुळे त्याचे काम दोन लहान गिअरांवर वाटून देता येत नाही. म्हणून तंतोतंत आटा हवा असेल तर हा मोठा गिअर सांभाळून ठेवावाच लागतो.

थांबण्याची जागा ठाऊक असल्याने किती श्रम वाचतात, हे मोठ्या संख्येवर दिसते. १,००,००३ ही सहा अंकी संख्यांतील सर्वांत लहान मूळ संख्या आहे. तिला २ पासून एकेक संख्येने शेवटपर्यंत भागत गेले तर एक लाखाहून एक जास्त भागाकार करावे लागतात. तिचे वर्गमूळ ३१६ च्या किंचित पुढे आहे. तेथे थांबले तर ३१५ भागाकार पुरतात. २ नंतर फक्त विषम संख्या घेतल्या तर १५८. केवळ मूळ संख्यांनीच भागले तर ६५. लाखावरून पासष्टवर येण्यासाठी जलद संगणक लागला नाही. केवळ विचार लागला.

हा विचार प्रोग्रॅमच्या पायऱ्यांत असा मांडता येतो. पहिली पायरी: संख्या २ पेक्षा लहान असेल तर ‘मूळ नाही’ असे सांगून थांबावे. दुसरी: भाजक २ धरावा. तिसरी: भाजकाचा वर्ग संख्येपेक्षा मोठा झाला असेल तर ‘मूळ’ असे सांगून थांबावे. चौथी: भाजकाने संख्येला भागावे आणि बाकी शून्य आली तर ‘संयुक्त’ असे सांगून थांबावे. पाचवी: भाजक एकाने वाढवून पुन्हा तिसऱ्या पायरीवर यावे. येथे वर्गमूळ काढण्याचीही गरज नाही. भाजकाचा भाजकाशी गुणाकार केला की काम भागते.

नवशिक्यांचे प्रोग्रॅम बहुधा तिसऱ्या पायरीवर फसतात. ‘वर्ग संख्येपेक्षा मोठा झाला असेल तर’ याऐवजी ‘वर्ग संख्येइतका किंवा मोठा झाला असेल तर’ असे लिहिले जाते. चूक केसाएवढी दिसते. असा प्रोग्रॅम ७ ला मूळ म्हणतो, १०० ला संयुक्त म्हणतो, १२७ ला मूळ म्हणतो. सगळे बरोबर. पण २५, ४९, १२१ आणि १६९ यांनाही तो मूळ ठरवतो, कारण ज्या एकमेव भाजकाने त्यांना भाग जातो, नेमका त्याच्या दारात तो थांबलेला असतो. चार-दोन संख्या टाकून प्रोग्रॅम तपासला तर ही चूक सापडत नाही. ती सापडण्यासाठी सीमेवरच्या संख्या टाकून पाहाव्या लागतात: १, २, ४, ९, २५, ४९. कारखान्यात गेजवर माप तपासताना कमाल आणि किमान या दोन मर्यादांवरच लक्ष असते. प्रोग्रॅमचेही तसेच आहे.

जुन्या दुकानदारांना नऊचा ताळा ठाऊक असे. २३ गुणिले ३४ बरोबर ७८२. २३ च्या अंकांची बेरीज ५, ३४ ची ७, दोहोंचा गुणाकार ३५ आणि त्याच्या अंकांची बेरीज ८. ७८२ च्या अंकांची बेरीज १७, तिची पुन्हा ८. ताळा जुळला. पण घाईत ७८२ ऐवजी ७२८ लिहिले गेले तरी अंकांची बेरीज तीच राहते आणि ताळा जुळतोच. नऊचा ताळा चुकीचा हिशेब पकडू शकतो. हिशेब बरोबर असल्याची हमी तो देऊ शकत नाही. वर्गमूळापर्यंतचा भागाकार याहून वेगळ्या जातीचा आहे. तो पूर्ण केला की हमी मिळते. तपासणीच्या या दोन प्रकारांतील भेद ज्याला कळला, त्याला अंकगणिताबाहेरही त्याचा उपयोग होतो. ‘चूक आढळली नाही’ आणि ‘चूक नाही’ ही दोन वाक्ये सारखी नाहीत. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी, तपासायचे असे काहीच उरले नाही, हे दाखवावे लागते.

हाच प्रोग्रॅम किंचित वाढवला की तो संख्येचे मूळ अवयव काढून देतो. ज्या भाजकाने भाग जाईल तो लिहून ठेवायचा, आणि पुढे मूळ संख्येऐवजी आलेल्या भागाकाराला भागत राहायचे. त्याच्या परीक्षेसाठी पुन्हा महावीराचार्यांकडे जाता येईल. ‘गणितसारसंग्रहा’तील गुणाकाराच्या प्रकरणात उत्तरे कंठहारासारखी येतील अशी उदाहरणे दिली आहेत; दोन्ही टोकांकडून वाचले तरी ती उत्तरे सारखीच दिसतात. १,५२,२०७ गुणिले ७३ याचे उत्तर १,११,११,१११ येते, म्हणजे आठ एकांची माळ. ही माळ प्रोग्रॅममध्ये टाकली की २, ३, ५, ७ यांनी बाकी उरते. ११ ने भाग जातो आणि १०,१०,१०१ उरतात. पुढे ७३ पर्यंत काही नाही. ७३ ने भाग जातो आणि १३,८३७ उरतात. १०१ ने भाग जातो आणि १३७ उरतात. आता १०१ चा वर्ग १०,२०१ हा १३७ पेक्षा मोठा आहे, म्हणून प्रोग्रॅम थांबतो आणि १३७ ला मूळ ठरवतो. माळेचे चार मणी हाती येतात: ११, ७३, १०१ आणि १३७. आचार्यांनी गुणक म्हणून घेतलेला ७३ त्यांतलाच एक. उरलेल्या तिघांचा गुणाकार म्हणजे १,५२,२०७. नवव्या शतकातील उदाहरणामागे किती नेमकी निवड होती, हे असे अवयव सुटे केल्यावर उमगते. हा ग्रंथ एम. रंगाचार्य यांनी १९१२ साली इंग्रजी भाषांतरासह मद्रासहून प्रसिद्ध केला. पुढे सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत १९६३ साली त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती काढली.

भागून पाहण्याच्या रीतीला मर्यादा आहे. सेकंदाला दहा कोटी भागाकार करणारा संगणक धरला, तर वीस अंकी संख्येसाठी त्याला फार तर शंभर सेकंद लागतील. चाळीस अंकी संख्येसाठी मात्र एक लाख कोटी सेकंद लागू शकतील, म्हणजे एकतीस हजार वर्षांहून अधिक. अंक दुप्पट झाले, पण श्रम कैक कोटी पटींनी वाढले. याच विषमतेवर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी गुप्त संदेशांची एक पद्धत उभी केली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती आरएसए म्हणून ओळखली जाते. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सर्वांना सांगून टाकायचा. त्या दोन संख्या मात्र स्वतःकडे ठेवायच्या. गुणाकार करणे क्षणाचे काम, अवयव परत काढणे जवळजवळ अशक्य. संकेतस्थळांच्या सुरक्षेसाठी वापरली जाणारी अशी संख्या सहाशेहून अधिक अंकांची असते. दुकानात बसून बँकेच्या संकेतस्थळावरून पैसे पाठवताना जी कुलुपे लागतात, त्यांतील कित्येक याच तत्त्वावर घडवलेली आहेत.

मग एवढ्या मोठ्या मूळ संख्या शोधतात कशा? त्यासाठी अवयव न काढताच मूळपणा ओळखणाऱ्या वेगळ्या रीती आहेत. त्यांत भारताचे मोठे योगदान आहे. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या दोन तरुण विद्यार्थ्यांसह एक रीत जाहीर केली. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही, हे तिच्या अंकांच्या मानाने माफक पायऱ्यांत आणि पूर्ण खात्रीने ठरवता येते, हे त्यांनी सिद्ध केले. जगभरचे गणिती अनेक वर्षे या प्रश्नामागे होते. २००६ साली या कार्याला गोडेल पारितोषिक मिळाले. या रीतीनेही बँकांची कुलुपे उघडत नाहीत, कारण संख्या संयुक्त आहे हे कळणे वेगळे आणि तिचे अवयव हाती लागणे वेगळे.

चाकणच्या नव्या सीएनसी मशीनवर ५३ हा आकडा नुसता टाकला की दाते कापले जातात. भोकांच्या प्लेटा हळूहळू कपाटात जात आहेत. प्रोग्रॅमही आता मागितला की मिळतो. अशा काळात भागाकार हाताने करून पाहण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन हेच की, यंत्राने दिलेले उत्तर स्वीकारायचे की नाही, याचा निर्णय अखेर माणसालाच करायचा असतो. त्यासाठी यंत्र कुठे थांबले आणि तेथे का थांबले, एवढे तरी त्याला समजले पाहिजे. ज्या घरात हिशेबाच्या प्रत्येक रकमेला ‘ही कुठून आली?’ असे विचारण्याची रीत आहे, त्या घरातील मुलांना हा प्रश्न परका नाही. फक्त तो पडद्यावरच्या उत्तरालाही विचारण्याची सवय लावायला हवी.

गिअरच्या व्यवहारात येणाऱ्या बहुतेक संख्या २८८ च्या आत असतात. त्यांच्यासाठी २, ३, ५, ७, ११ आणि १३ हे सहाच भाजक पुरतात, कारण पुढची मूळ संख्या १७ आणि तिचा वर्ग २८९. घरातील मुलांना १८७ आणि १९१ या दोन संख्या द्याव्यात. दोन्ही विषम, दोन्ही दिसायला सारख्याच कठीण. त्यांतील एक ११ वर सापडते आणि दुसरी सहाही भाजकांना दाद देत नाही. उत्तर बरोबर आले की शाबासकी द्यावी, आणि लगेच विचारावे, “तेरावर का थांबलास?”